विधान, युक्तिवाद आणि वराहमिहिराचा ससाणा
(वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त माधवनगर, उज्जैन येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शताब्दीच्या प्रसंगी वक्त्याने वाचनसंस्कृतीचा गौरव करावा, अशी एक प्रथा आहे. ती मोडण्याचा माझा हेतू नाही. परंतु आज मी वाचनाच्या एका अंगापुरतेच बोलणार आहे. छापलेले वाक्य वाचल्यावर त्याला 'हे खरे कशावरून?' असा प्रश्न विचारण्याची सवय म्हणजे ते अंग होय. त्यासाठी तर्कशास्त्राची दोन-तीन साधी उपकरणे पुरेशी आहेत. उदाहरणे मात्र मी परक्या ग्रंथांतून आणलेली नाहीत. बहुतेक सर्व उदाहरणे आपल्या या अवंतीनगरीतली किंवा तिच्या परिसरातली आहेत.

प्रथम विधान म्हणजे काय ते पाहू. व्याकरणात ज्याला वाक्य म्हणतात ते प्रत्येक वाक्य विधान नसते. 'शांतता राखा' ही पाटी प्रत्येक वाचनालयात असते. ती खरी की खोटी, असे कोणी विचारीत नाही, कारण ती आज्ञा आहे. 'मुलांना वाचनाची गोडी लागो' ही इच्छा आहे. 'शिप्रा उत्तरेकडे वाहते' हे मात्र विधान आहे, कारण त्याला खरेखोटेपणाची कसोटी लावता येते. जे सत्य किंवा असत्य असू शकते ते विधान, एवढी व्याख्या आपल्या कामाला पुरे.

परंतु बाह्य रूपावरून विधान ओळखता येईलच असे नाही. 'आजकाल वाचतो कोण?' या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. तरी बोलणाऱ्याला उत्तर नको असते. 'आजकाल कोणी वाचत नाही' असे विधानच तो करीत असतो. फरक इतकाच की, विधान उघड केले तर पुरावा मागितला जाईल, आणि प्रश्नाच्या वेषात ते सहज निसटून जाईल. म्हणून वेषांतर केलेली विधाने मूळ रूपात मांडून घेणे ही पहिली पायरी आहे.

दुसरी पायरी म्हणजे विधानातील 'सर्व' आणि 'काही' यांचा हिशेब. 'पृथ्वी फिरते हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते' हे वाक्य आपण अनेकदा ऐकतो. ते ऐकून ऊर भरून येतो, हेही स्वाभाविक आहे. पण 'पूर्वज' म्हणजे कोणते? सर्व की काही? इ.स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे प्रतिपादन केले. त्यानंतर थोड्याच काळाने, सहाव्या शतकात, आपल्या अवंतीच्या वराहमिहिराने ते मत 'पंचसिद्धान्तिका' या ग्रंथात नाकारले. दोघेही आपले पूर्वजच. तेव्हा 'काही पूर्वजांना' असे म्हटले तर विधान टिकते. 'सर्व पूर्वजांना' असे म्हटले तर आपल्याच गावचा श्रेष्ठ ज्योतिर्विद त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

आता विधानांवरून युक्तिवादाकडे येऊ. नुसती विधाने एकापुढे एक ठेवल्याने युक्तिवाद होत नाही. एक विधान सिद्ध करण्यासाठी दुसरी विधाने आधार म्हणून दिली म्हणजे युक्तिवाद होतो. आधार देणारी ती आधारविधाने आणि ज्याला आधार दिला जातो तो निष्कर्ष. आपल्या न्यायदर्शनाने याचेच पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे. जेथे धूर तेथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात. तसाच धूर या डोंगरावर आहे. म्हणून तेथे अग्नी आहे. हे उदाहरण आपणांपैकी अनेकांच्या परिचयाचे असेल.

येथे मराठी वाचकाने एका गोष्टीबद्दल सावध राहिले पाहिजे. आपला 'कारण' हा शब्द दुहेरी आहे. 'चंद्राला ग्रहण लागले, कारण पृथ्वीची छाया त्यावर पडली' या वाक्यात ग्रहण लागले याबद्दल वाद नाही. ते कशामुळे लागले हे सांगितले आहे. हे स्पष्टीकरण झाले. 'पृथ्वी गोल आहे, कारण ग्रहणात तिची छाया नेहमी वर्तुळाकार दिसते' या वाक्यात मात्र पृथ्वीचा गोलपणा हाच वादाचा विषय असून छाया हा त्याचा पुरावा आहे. छायेने पृथ्वीला गोल केलेले नाही. तिने तो गोलपणा आपल्याला कळविला. आपल्या शास्त्रकारांनी यासाठी कारक हेतू आणि ज्ञापक हेतू असे दोन शब्द योजले. घडविणारा तो कारक, कळविणारा तो ज्ञापक. वर्तमानपत्रातील अग्रलेख वाचताना 'कारण' आणि 'म्हणून' या शब्दांशी क्षणभर थांबून हा भेद केला, तर लेखक सिद्ध काय करतो आहे आणि गृहीत काय धरतो आहे ते स्पष्ट होते.

आता वराहमिहिराच्या युक्तिवादाकडे वळू. 'पंचसिद्धान्तिके'त तो म्हणतो, त्याचा आशय असा : पृथ्वीच फिरते, नक्षत्रे फिरत नाहीत, असे काही जण म्हणतात; पण तसे असते तर ससाण्यासारखे पक्षी आकाशातून पुन्हा आपल्या घरट्याकडे येऊ शकले नसते. हा युक्तिवाद आपण नीट मांडून घेऊ.

पहिले आधारविधान : पृथ्वी फिरत असेल, तर उडालेला ससाणा घरट्याकडे परतू शकणार नाही.
दुसरे आधारविधान : ससाणा घरट्याकडे परततो.
निष्कर्ष : म्हणून पृथ्वी फिरत नाही.

या युक्तिवादाच्या घडणीत कोठेही दोष नाही. पहिली दोन विधाने सत्य असतील तर तिसरे सत्य असलेच पाहिजे. अशा युक्तिवादाला तर्कशास्त्रात वैध म्हणतात. दुसरे विधान तर कोणीही संध्याकाळी शिप्रेच्या काठी उभे राहून पडताळून पाहावे. तरीसुद्धा निष्कर्ष असत्य आहे, हे आज आपल्याला ठाऊक आहे. घडण निर्दोष आणि निष्कर्ष असत्य असेल, तर आधारविधानांपैकी निदान एक असत्य असलेच पाहिजे. दुसरे डोळ्यांनी दिसते. राहिले पहिले.

त्या पहिल्या विधानाच्या पोटात एक न उच्चारलेले विधान दडले आहे. ते असे : झाड सोडताच ससाणा झाडाची गती गमावतो आणि पृथ्वी त्याच्या खालून निघून जाते. उज्जैनच्या अक्षांशावर पृथ्वीच्या पृष्ठभागाचा वेग ताशी सुमारे १५०० किलोमीटर आहे. हे गृहीत खरे असते, तर बिचारा ससाणा क्षणार्धात माळव्याबाहेर राहिला असता. परंतु गॅलिलिओने १६३२ सालच्या आपल्या संवादग्रंथात दाखविले की, चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून सोडलेला दगड काठीच्या पायथ्याशीच पडतो, कारण जहाजाची गती त्याच्या अंगी असते. इंदूरला जाणाऱ्या गाडीत, ती एकसारख्या वेगाने धावत असताना, कोणीही नाणे वर उडवून पाहावे. नाणे मागच्या प्रवाशाच्या अंगावर जात नाही. ते आपल्याच हातात पडते. ससाणा आणि त्याच्या भोवतीची हवा ही दोन्ही पृथ्वीबरोबर आधीच चाललेली आहेत.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. वैधता हा घडणीचा गुण आहे आणि सत्यता हा विधानाचा गुण आहे. एकीवरून दुसरीची खात्री देता येत नाही. दुसरी गोष्ट अशी की, युक्तिवादातील घातक विधान बहुधा न उच्चारलेले असते. ते इतके उघड वाटते की बोलणारा ते बोलत नाही आणि ऐकणारा ते मागत नाही. कोणताही युक्तिवाद तपासताना 'येथे काय गृहीत धरले आहे?' हा प्रश्न म्हणूनच सर्वांत मोलाचा ठरतो.

वराहमिहिर याच ठिकाणी आणखी एक कोटी लढवतो. पृथ्वी एका दिवसात फिरत असेल तर ध्वज नेहमी पश्चिमेकडेच फडफडायला हवेत. आणि ती हळू फिरत असेल तर तिची फेरी पुरी कशी होणार? प्रतिपक्षाला दोन्ही बाजूंनी कोंडीत पकडण्याचा हा प्रकार आहे. यातही हवा जागच्या जागी राहते आणि पृथ्वी तेवढी फिरते, हे गृहीत तसेच लपलेले आहे. एकच गृहीत दोन युक्तिवादांना आतून पोखरते, हे पाहण्यासारखे आहे.

मग आर्यभटाचा पक्ष सिद्ध झाला का? येथेही घाई नको. आर्यभटाने नावेचा दृष्टान्त दिला आहे. पुढे जाणाऱ्या नावेतील माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात; त्याचप्रमाणे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. दृष्टान्त सुंदर आहे. पण त्याने सिद्ध काय होते? दिसणारी गती फसवी असू शकते, एवढेच. 'असू शकते' यापासून 'आहे' इथपर्यंतचे अंतर दृष्टान्ताने कापता येत नाही. आर्यभटाचा निष्कर्ष सत्य होता, पण तो दृष्टान्त त्याला पुरेसा पुरावा नव्हता. वराहमिहिराची घडण वैध होती, पण निष्कर्ष असत्य होता. निष्कर्ष पटला म्हणून युक्तिवाद चांगला आणि निष्कर्ष नावडला म्हणून युक्तिवाद वाईट, असा निवाडा आपण नेहमी करतो. या दोन ज्योतिर्विदांकडे पाहिले की तो निवाडा किती कच्चा असतो ते कळते.

पृथ्वीच्या फिरण्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा १८५१ साली पॅरिसमध्ये फूको या शास्त्रज्ञाने लंबकाच्या साहाय्याने दिला. लांब दोरीला टांगलेला जड लंबक एका रेषेत झुलविला की त्याची झुलण्याची दिशा हळूहळू वळताना दिसते. येथेही तर्काची घडण तपासली पाहिजे. 'पृथ्वी फिरत असेल तर लंबकाची दिशा वळेल, ती वळते, म्हणून पृथ्वी फिरते' एवढेच कोणी म्हणाले, तर तो युक्तिवाद वैध नाही. 'पाऊस पडला असेल तर अंगण ओले असेल. अंगण ओले आहे. म्हणून पाऊस पडला' यासारखाच तो आहे. अंगणात कोणी सडा घातला असेल! पावसावाचूनही अंगण ओले असू शकते, म्हणजे हेतू सव्यभिचार आहे, असे नैयायिक म्हणतील.

मग लंबकाला आपण पुरावा का मानतो? कारण पृथ्वीच्या भ्रमणावरून नुसते 'वळेल' एवढेच भाकीत निघत नाही, तर किती वळेल तेही निघते. पॅरिसला एक फेरा सुमारे ३२ तासांत पुरा व्हावा, आपल्या उज्जैनला सुमारे ६१ तासांत व्हावा, ध्रुवावर तो जवळजवळ २४ तासांत व्हावा आणि विषुववृत्तावर लंबक मुळीच वळू नये. निरनिराळ्या अक्षांशांवर ठरावीक आकडा देणारी अशी दुसरी कोणतीही उपपत्ती पुढे आलेली नाही. सड्याची शक्यता मिटवीत मिटवीत आपण पावसापर्यंत येतो. विज्ञानातील बरेचसे युक्तिवाद या जातीचे असतात. ते भूमितीतील सिद्धान्तासारखे बंदिस्त नसतात. पर्यायी स्पष्टीकरणे जितकी बाद होतील तितके ते बळकट होत जातात.

तिसरे उदाहरण भास्कराचार्यांचे. ११५० साली पूर्ण झालेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात उज्जैनच आधारविधान म्हणून उभी आहे. गणिताने असे येते की, निरक्षदेशापासून, म्हणजे विषुववृत्तापासून, अवंती पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या हिश्श्यावर आहे. तेव्हा ते अंतर सोळापट केले की पृथ्वीचा परिघ मिळतो. मग पुराणांतील कोट्यवधी योजनांची पृथ्वी कशी मानावी? असा तो युक्तिवाद आहे. परिघाचा सोळावा हिस्सा म्हणजे साडेबावीस अंश. उज्जैनचा अक्षांश वस्तुतः २३ अंश ११ कलांच्या आसपास आहे. आजच्या मापाने विषुववृत्तापासून उज्जैन सुमारे २५६५ किलोमीटर आहे. त्याची सोळापट केल्यास सुमारे ४१,००० किलोमीटर येतात. पृथ्वीचा परिघ सुमारे ४०,००० आहे. आधारविधानात थोडी चूक होती, म्हणून निष्कर्षातही थोडीच चूक आली. पुराणोक्त मापाविरुद्धचा मुख्य मुद्दा मात्र अबाधित राहिला. ससाण्याच्या बाबतीत आधारविधानच कोसळले आणि निष्कर्षाचा आधारच गेला. चूक सापडली म्हणजे सर्वच गेले असे नसते. ती चूक कोणत्या विधानात आहे आणि निष्कर्षाचा किती भार त्या विधानावर आहे, हे पाहावे लागते.

अशी विधाने तपासण्याची जागा आपल्या गावातच आहे. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेल्या आणि १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत दुरुस्त झालेल्या वेधशाळेत अक्षांश हा वादाचा विषय राहत नाही. तो मोजण्याचा विषय होतो. जे मोजता येते त्यावर भांडू नये आणि ज्याला युक्तिवाद लागतो ते केवळ मोठ्या आवाजाने ठरवू नये, एवढे भान त्या दगडी यंत्रांकडे पाहून आले तरी पुष्कळ झाले.

माळव्यात मराठी भाषेनेही हे काम केले आहे, याचा येथे आवर्जून उल्लेख करतो. आपल्यापासून फार दूर नसलेल्या सिहोर येथील पाठशाळेला लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याचा आश्रय होता. नवे ज्योतिष शिकवायचे तर भास्कराचार्यांच्या सिद्धान्तांपासून सुरुवात करावी, कारण लोकांचा त्यांवर आधीच विश्वास आहे, असे त्याचे मत होते. त्याच वर्तुळातील सुबाजी बापू यांनी १८३६ साली 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हे पुस्तक मराठीत लिहिले. त्यात पुराणे, सिद्धान्त आणि कोपर्निकस या तिन्ही मतांची तुलना आहे. पुण्यात जन्मलेले बापूदेवशास्त्री याच सिहोरला शिकले आणि पुढे १८४२ साली काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास १८९६ साली मराठीतच प्रसिद्ध झाला. परस्परविरोधी मते शेजारी ठेवून त्यांची छाननी करणारे मराठी गद्य असे बरेच जुने आहे, आणि त्याची एक शाखा माळव्याच्या मातीत रुजलेली आहे.

आता ही उपकरणे घरच्याच प्रश्नाला लावून पाहू. शताब्दीच्या निमित्ताने एक सूर आपण सर्वांनी ऐकला असेल : 'आजकाल वाचतो कोण? मग नवी पुस्तके हवीत कशाला?' याचे वेषांतर उतरवू. आधारविधान : आज कोणी वाचत नाही. निष्कर्ष : म्हणून नवी पुस्तके घेऊ नयेत. पहिला प्रश्न, 'कोणी नाही' की 'थोडे'? त्याचे उत्तर देवघेवीच्या नोंदवहीत आहे. ते तेथे पाहावे, भाषणात शोधू नये. दुसरा प्रश्न, न उच्चारलेले विधान कोणते? 'जे आज वाचत आहेत त्यांच्यासाठीच पुस्तके घ्यावीत' हे ते विधान. ते मान्य केल्याशिवाय निष्कर्ष निघत नाही, आणि ते मान्य करायचे तर ज्यांनी ही संस्था स्थापन केली त्यांनाही वेडेच ठरवावे लागेल. कारण पुढच्या पिढ्यांतील वाचक त्यांनी पाहिलेले नव्हते. शिवाय वाचक नाहीत म्हणून नवी पुस्तके नाहीत आणि नवी पुस्तके नाहीत म्हणून वाचक नाहीत, असे हे चक्र आहे. त्यात सुरुवात कोठे झाली हे नुसत्या वाक्यांवरून ठरत नाही.

परंतु न्याय दोन्ही बाजूंना हवा. आपल्या बाजूने असे म्हटले जाते की, 'वाचनालय शंभर वर्षे टिकले, तेव्हा पुढेही टिकेल.' हेही तपासा. शंभर वर्षे टिकण्यामागे काही माणसांचे श्रम होते. ते श्रम पुढेही होतील, हे येथले न उच्चारलेले विधान आहे. आणि ते सत्य असेल की असत्य, हे या सभागृहातील आपणांवर अवलंबून आहे. ससाण्याचा परतीचा मार्ग निसर्गाने ठरविलेला आहे. वाचक मात्र आपण होऊन परततोच असे नाही.

आपल्या माळव्यातल्या मराठी घरांपुरते एक आशादायक विधान मी पुढे ठेवतो. येथील बहुतेक मुले शाळेत हिंदी शिकतात, म्हणजे देवनागरी त्यांना आधीच अवगत असते. मराठी वाचण्यासाठी त्यांना नवी लिपी शिकावी लागत नाही. आपल्या 'ळ'शी तेवढी ओळख करून द्यावी लागते. यावरून 'ही मुले मराठी पुस्तके वाचतील' असा निष्कर्ष मी काढणार नाही. अक्षरे वाचता येणे आणि पुस्तक वाचणे यांच्यामध्ये एक विधान रिकामे आहे : 'घरातले कोणीतरी त्यांच्या हाती पुस्तक देते.' ती जागा कोणत्याही वक्त्याला भरता येणार नाही. ती ज्याची त्याने भरायची आहे.

शेवटी वराहमिहिराबद्दल आदराने एक गोष्ट सांगतो. 'पंचसिद्धान्तिके'त त्याने आपल्यापूर्वीचे पाच सिद्धान्त संगृहीत केले. त्यांतले कोणते अचूक आणि कोणते फार ढळलेले, हे त्याने स्पष्ट सांगितले. पण ढळलेले म्हणून फेकून दिले नाहीत. त्या जुन्या सिद्धान्तांची आपल्याला आज जी माहिती आहे तिचा मोठा भाग त्याच्यामुळेच टिकला. पृथ्वी फिरते हे न पटलेले मतही त्याने आधी मांडले आणि मग आपले हेतू उघड देऊन खोडले. हेतू उघड दिले म्हणूनच आज आपल्याला त्याच्या युक्तिवादात बोट ठेवायला जागा सापडते. 'मी सांगतो म्हणून' एवढेच तो म्हणाला असता, तर त्याच्याशी असहमत होता आले असते, पण त्याला दुरुस्त करता आले नसते.

न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : सत्य जाणण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःचे काही न मांडता केवळ खंडन करण्यासाठी ती वितंडा. मराठीत 'वाद' या शब्दाला आज भांडणाचा अर्थ चिकटला आहे, ही खेदाची गोष्ट आहे. जेथे परस्परविरोधी ग्रंथ एकाच फळीवर शांतपणे शेजारी उभे असतात, त्या वास्तूत तरी त्या शब्दाचा मूळ अर्थ जिवंत राहावा, एवढी अपेक्षा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.